ग्रुप ॲडमिनचे उत्तरदायित्व : अधिकार, कायदा आणि सभासदांचा विश्वास

१६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत कोसळलेला पाऊस हा १९४९ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वाधिक ठरला. अल ऐन परिसरातील खत्म अल शकला येथे चोवीस तासांहून कमी वेळात २५४.८ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. शारजात खालिद लगूनच्या काठावरील अल मजाज आणि अल कासिमिया, किंग फैसल मार्ग यांसारखे दाट वस्तीचे भाग जलमय झाले. अनेक रहिवासी काही दिवस आपापल्या इमारतींत अडकून पडले. पिण्याचे पाणी, अन्न आणि औषधे पोहोचवणाऱ्या स्वयंसेवकांना त्या दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुपचा मोठा आधार होता.

अशा वेळी कोणता निरोप खरा, कोणता कालबाह्य, कोणती विनंती आधी पुढे न्यायची आणि कोणती अफवा तत्काळ काढून टाकायची, हे ठरवण्याची जबाबदारी ग्रुप ॲडमिनवर येऊन पडते. एरवी शाळेच्या बसची वेळ, भाड्याचे घर, विमानाची तिकिटे आणि गणेशोत्सवाची आखणी यांत रमणारा ग्रुप एका रात्रीत जीवनावश्यक यंत्रणा बनतो. त्या यंत्रणेवर विश्वास ठेवायचा की नाही, हे मात्र त्या रात्री ठरत नाही. आधीच्या अनेक महिन्यांत ॲडमिनने आपला अधिकार कसा वापरला, यावर ते आधीच ठरलेले असते.

ॲडमिनला बहुधा कोणी निवडून दिलेले नसते. त्याचा कार्यकाळ ठरलेला नसतो आणि त्याच्या निर्णयावर दाद मागण्याची सोयही क्वचितच असते. त्याचे अधिकार कोणते, भारतात आणि अमिरातीत कायदा त्याच्याकडे कसा पाहतो, सभासदांप्रती त्याचे उत्तरदायित्व कशात असते आणि विश्वास तुटल्यास तो पुन्हा कसा उभा राहू शकतो, याचा हा आढावा.

ॲडमिनच्या हाती काय असते

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आज १,०२४ पर्यंत सभासद सामावतात. ही मर्यादा पूर्वी २५६ होती, २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि नंतर १,०२४ झाली. सभासद घेणे वा काढणे, इतरांना ॲडमिन करणे आणि केवळ ॲडमिनच संदेश पाठवू शकतील अशी व्यवस्था लावणे हे ॲडमिनचे प्रमुख अधिकार होत. २०२२ मध्ये त्यात महत्त्वाची भर पडली. इतर सभासदांनी पाठवलेला संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय ॲडमिनला मिळाली. असा संदेश काढल्यावर त्या जागी तो कोणत्या ॲडमिनने काढला याची नोंद दिसते. ही छोटीशी नोंद उत्तरदायित्वाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण अधिकार कोणी वापरला हे लपत नाही. तो का वापरला, हे मात्र त्या नोंदीतून कळत नाही.

आणखी एक तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याने ग्रुप सुरू केला त्याला इतर ॲडमिन ग्रुपमधून काढू शकत नाहीत, असा बदल व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये केला. संस्थापकाला हुसकावून ग्रुप बळकावण्याचे प्रकार रोखणे हा त्याचा उपयोग. परंतु संस्थापकच मनमानी करू लागला तर सभासदांपुढे ग्रुप सोडण्याचा किंवा नवा ग्रुप काढण्याचा मार्ग उरतो. परदेशातील लहान मराठी वर्तुळांत एकाचे दोन आणि दोनाचे चार ग्रुप होतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

नागपूर खंडपीठाचा निकाल

भारतात या विषयावर वारंवार उद्धृत होणारा एक निकाल महाराष्ट्रातलाच आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात आला. ग्रुपमधील एका सभासदाने एका महिला सभासदाविषयी अश्लाघ्य भाषा वापरली, तरीही ॲडमिनने त्याला ग्रुपमधून काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, उलट आपली असमर्थता व्यक्त केली, असा आरोप होता. भारतीय दंड संहिता आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांतील कलमे त्यासाठी लावण्यात आली होती.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी १ मार्च २०२१ रोजी हा गुन्हा आणि त्यावरील पुढील कारवाई रद्द केली. न्यायालयाच्या विवेचनाचा आशय असा : सभासद घेणे व काढणे एवढा अधिकार वगळला, तर ॲडमिन आणि इतर सभासद एकाच पातळीवर असतात. संदेश प्रसिद्ध होण्यापूर्वी तो तपासण्याची किंवा रोखण्याची शक्ती ॲडमिनकडे नसते. दुसऱ्याच्या कृत्याबद्दल एखाद्यास फौजदारी दायित्व लावायचे असेल, तर कायद्यात तशी स्पष्ट तरतूद हवी. तशी तरतूद नसताना आणि समान हेतू वा पूर्वनियोजन दिसत नसताना, केवळ ॲडमिन असण्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

इतर उच्च न्यायालयांची दिशाही हीच राहिली. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बदनामीच्या एका दिवाणी दाव्यात, मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरणे म्हणजे वृत्तपत्रातील बदनामीसाठी कागद बनवणाऱ्याला जबाबदार धरण्यासारखे आहे, अशा आशयाची तुलना केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने नागपूरच्या निकालातील तत्त्व स्वीकारले.

या निकालाचा अर्थ लावताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पहिली म्हणजे, निकाल २०२१ चा आहे. संदेश आधी तपासण्याचा अधिकार ॲडमिनकडे आजही नाही, परंतु प्रसिद्ध झालेला संदेश काढण्याचा अधिकार २०२२ पासून आहे. 'माझ्या हातात काही नव्हते' हे म्हणणे आज तितके सोपे राहिलेले नाही. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. न्यायालयापुढचा प्रश्न ॲडमिन गुन्हेगार ठरतो का, एवढाच होता. ॲडमिनने योग्य वर्तन केले का, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. आपल्यावर ओढवलेल्या प्रसंगाची दखल ज्याच्याकडून अपेक्षित होती त्याने ती घेतली नाही, या तक्रारीला फौजदारी कायद्यात उत्तर नसले तरी ती निरर्थक ठरत नाही. तिचे उत्तर ग्रुपच्या अंतर्गत व्यवस्थेतच शोधावे लागते.

अमिरातीत चित्र वेगळे

अल मजाजमध्ये राहणाऱ्या ॲडमिनने नागपूरच्या निकालावर विसंबून राहणे धोक्याचे ठरेल. अमिरातीत २ जानेवारी २०२२ पासून अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरोधातील २०२१ चा ३४ वा संघीय कायदा लागू आहे. ग्रुप मराठी असो, सभासद भारतीय असोत, तरी अमिरातीत राहून केलेल्या कृतीला हाच कायदा लागू होतो. ॲडमिन आणि सभासद या दोघांच्या दृष्टीने त्यातील पाच कलमे महत्त्वाची आहेत.

कलम ४३ नुसार माहिती तंत्रज्ञानाच्या साधनांतून एखाद्याचा अपमान करणे वा त्याच्यावर बदनामीकारक आळ घेणे यासाठी कैद आणि अडीच लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा यांपैकी एक शिक्षा होऊ शकते. कलम ४४ खासगीपणाच्या भंगाविषयी आहे. संमतीविना इतरांची छायाचित्रे वा संभाषणे प्रसृत करणे त्यात येऊ शकते. परवान्याविना निधी संकलनाचे आवाहन करणे हा कलम ४६ खालील गुन्हा आहे. कलम ५२ नुसार अफवा व खोट्या बातम्या पसरवण्यास किमान एक वर्ष कैद आणि किमान एक लाख दिरहम दंड आहे. साथ, संकट वा आपत्तीच्या काळात हेच कृत्य घडल्यास शिक्षा किमान दोन वर्षे आणि दोन लाख दिरहम होते. कलम ५३ तर बेकायदा मजकूर काढून टाकण्याच्या आदेशाशी संबंधित आहे. ठरवून दिलेल्या मुदतीत तो न काढणाऱ्या संकेतस्थळ वा ई-खात्याच्या वापरकर्त्यास तीन लाख ते एक कोटी दिरहम दंड होऊ शकतो.

कलम ४६ कडे मराठी ग्रुपनी विशेष लक्ष द्यावे. आजारी बांधवाच्या उपचारांसाठी किंवा कोणाचे पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी ग्रुपवर वर्गणीचे आवाहन करणे ही मनाला सहज पटणारी कृती आहे. परंतु अमिरातीत देणग्या गोळा करण्याचा अधिकार परवानाधारक संस्थांनाच आहे. असे आवाहन काढून टाकणारा ॲडमिन निष्ठुर ठरत नाही. तो आवाहन करणाऱ्याला आणि ग्रुपला संकटापासून वाचवत असतो. त्याने एवढे मात्र केलेच पाहिजे : संदेश का काढला ते सांगावे आणि परवानाधारक संस्था किंवा भारतीय वाणिज्य दूतावास यांच्याकडे जाण्याचा मार्ग दाखवावा. प्रत्यक्ष प्रकरण उद्भवल्यास स्थानिक परवानाधारक वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

कायद्यापलीकडचे उत्तरदायित्व

कायदा किमान मर्यादा ठरवतो. सभासदांना ॲडमिनकडून त्याहून अधिक अपेक्षित असते, आणि ते अवाजवी नाही. या अपेक्षांचे सर्वांत नेमके सूत्र २०१८ मध्ये मांडल्या गेलेल्या सांता क्लारा तत्त्वांत सापडते. मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना उद्देशून असलेली ही तत्त्वे तीन शब्दांत सांगता येतात : संख्या, सूचना, अपील. किती मजकूर काढला आणि किती खाती बंद केली ते जाहीर करावे, ज्याच्यावर कारवाई झाली त्याला कारण कळवावे आणि त्याला दाद मागता यावी.

पुढे अनेक देशांच्या कायद्यांत हाच विचार उतरला. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार समाजमाध्यम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी आणि साधारणतः १५ दिवसांत तिचा निपटारा करावा, असे बंधन आले. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णतः लागू झाला. त्यानुसार कारवाईची कारणे वापरकर्त्याला कळवणे आवश्यक ठरले. ही बंधने कंपन्यांवर आहेत, ग्रुपच्या ॲडमिनवर नाहीत. तरीही पोच, कारण, मुदत आणि दाद ही चार मापे दोनशे जणांच्या ग्रुपलाही तितकीच लागू पडतात.

मराठी माणसाला ही मापे परकी नाहीत. गणेशोत्सव मंडळाने वर्गणीची पावती द्यायची आणि जमाखर्च मांडायचा, हा संकेत जुना आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार गृहनिर्माण संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि पदाधिकाऱ्यांवर अविश्वास ठराव आणण्याचीही तरतूद आहे. शारजातही इंडियन असोसिएशन या १९७९ पासूनच्या संस्थेची कार्यकारिणी सभासदांच्या मतदानाने निवडली जाते. सोसायटीच्या सभेत जिन्यातील दिव्याच्या खर्चावर तासभर हिशेब मागणारे सभासद आपल्या ग्रुपमधून शेजाऱ्याला कोणी व का काढले, हे मात्र विचारत नाहीत. ग्रुप ही खासगी बैठक असल्याची समजूत त्यामागे आहे. शंभर-दोनशे कुटुंबे जिच्यावर अवलंबून आहेत ती व्यवस्था खासगी राहत नाही.

पारदर्शकता आणि अब्रू यांचा तोल

अमिरातीत एक पेच विशेषत्वाने उद्भवतो. सभासदाला काढण्याचे कारण ग्रुपमध्ये जाहीर केले, तर ते विधानच कलम ४३ खाली अपमानकारक ठरण्याचा धोका असतो. अमुक व्यक्ती फसवणूक करते, असे ग्रुपवर लिहिणे हा आरोप आहे, तो खरा असला तरी. त्या व्यक्तीचे खासगी संदेश पुरावा म्हणून सर्वांना दाखवणे कलम ४४ च्या कक्षेत जाऊ शकते. कारण मुळीच दिले नाही, तर तर्कवितर्क सुरू होतात.

यावरचा सुरक्षित आणि न्याय्य मार्ग म्हणजे माहितीचे दोन स्तर करणे. संबंधित व्यक्तीला खासगी संदेशातून सविस्तर कारण, कारवाईची मुदत आणि दाद मागण्याची पद्धत कळवावी. ग्रुपला केवळ 'नियम क्रमांक ४ नुसार एका सभासदाबाबत कारवाई झाली' एवढेच सांगावे. ठरावीक काळाने किती संदेश काढले, किती सभासदांवर कारवाई झाली आणि किती निर्णय बदलले, याचे आकडे नावांशिवाय द्यावेत. यात कोणाची अब्रू जात नाही आणि ॲडमिनचा अधिकार अंधारातही राहत नाही.

विश्वास तुटल्यावर : क्रोएशियन विकिपीडियाचा धडा

स्वयंसेवी ऑनलाइन समूहात अधिकाराचा गैरवापर किती काळ चालू शकतो आणि तो कसा थांबतो, याचे ठळक उदाहरण विकिपीडियाच्या जगात सापडते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह सर्व भाषांतील विकिपीडियांवर विशेष अधिकार असलेले स्वयंसेवक असतात. मराठीत त्यांना प्रचालक म्हणतात. प्रचालकाने पान वगळले वा सदस्याला रोखले, तर त्याची नोंद सार्वजनिक राहते.

क्रोएशियन विकिपीडियावर अशा नोंदी असूनही एका लहान गटाने प्रदीर्घ काळ पकड ठेवली. दुसऱ्या महायुद्धकाळातील इतिहासाचे विकृतीकरण आणि असहमत सदस्यांना रोखणे यांचे आरोप होत राहिले. २०१३ मध्ये खुद्द क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना त्यावर विसंबू नका, असे सांगितले. परिस्थिती पालटायला २०२० चे वर्ष उजाडले. व्यापक विकिमीडिया समुदायात चर्चा झाली, एका प्रमुख प्रचालकावर जागतिक पातळीवर बंदी आली. २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने या प्रकरणाचे मूल्यमापन करवून घेऊन ते प्रसिद्ध केले.

यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. नोंदी उपलब्ध असणे पुरेसे नाही, त्या वाचून प्रश्न विचारणारे सभासद लागतात. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच हाती तिचा निवाडा असेल, तर आतून सुधारणा होत नाही, बाहेरचा त्रयस्थ हवा. आणि काय चुकले याचे लेखी, प्रकट निवेदन झाल्याशिवाय सोडून गेलेले सभासद परतण्यास धजावत नाहीत.

लहान ग्रुपलाही हाच क्रम लागू करता येतो. प्रथम चूक नेमकेपणाने मान्य करावी. 'कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व' या वाक्यात चुकीची कबुली नसते, दोष ऐकणाऱ्याच्या मनावर ढकललेला असतो. 'अमुक तारखेला तीन सभासदांना पूर्वसूचना न देता काढले, हे नियमबाह्य होते' असे म्हणण्यात कबुली असते. दुसरी पायरी भरपाईची : चुकीने काढलेल्यांना परत येण्याचे निमंत्रण द्यावे, तेही व्यक्तिशः. तिसरी पायरी अधिकाराच्या फेररचनेची. ज्या ॲडमिनवर आक्षेप आहे त्याने चौकशीपुरते तरी अधिकार बाजूला ठेवावेत. चौथी पायरी काळाची आहे. बदललेले नियम सहा महिने पाळून दाखवावे लागतात आणि त्याचा अहवाल द्यावा लागतो.

नमुना नियमावली

शारजा-दुबई परिसरातील मराठी ग्रुपना आपल्या गरजेनुसार पुढील मसुद्यात बदल करून घेता येईल.

१. ग्रुपचा उद्देश आणि नियम ग्रुपच्या वर्णनात लिहावेत. नियम दहापेक्षा अधिक नसावेत.

२. किमान तीन ॲडमिन असावेत, एकाच कुटुंबातील वा एकाच कार्यालयातील नसावेत. त्यांत किमान एक महिला असावी.

३. ॲडमिनची मुदत एक वर्षाची असावी. संस्थापकाला ग्रुपमधून काढता येत नसल्याने त्याने मुदत संपल्यावर स्वतःहून अधिकार सोडण्याचे लेखी मान्य करावे.

४. धमकी, अश्लीलता, अफवा आणि परवान्याविना निधी संकलन यांबाबतचे संदेश कोणताही ॲडमिन तत्काळ काढू शकेल. इतर सर्व कारवाईस दोन ॲडमिनची संमती लागेल.

५. सभासदाला काढण्यापूर्वी एक लेखी इशारा द्यावा. काढल्यास २४ तासांत खासगी संदेशातून कारण कळवावे.

६. दाद मागण्यासाठी ॲडमिन नसलेल्या दोन ज्येष्ठ सभासदांची नेमणूक असावी. त्यांनी १५ दिवसांत निर्णय द्यावा आणि तो ॲडमिनवर बंधनकारक असावा.

७. ॲडमिनविरुद्धची तक्रार त्याच ॲडमिनने हाताळू नये. छळवणुकीची तक्रार करणाऱ्या व्यक्तीला तिचे म्हणणे सर्वांसमोर मांडण्याचा आग्रह धरू नये.

८. दर सहा महिन्यांनी कारवायांचे आकडे नावांशिवाय जाहीर करावेत.

सभासदांचा वाटा

ॲडमिनचे काम बिनपगारी आहे. दिवसभराची नोकरी, शारजा-दुबई मार्गावरची वाहतूक कोंडी आणि घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून रात्री शंभर संदेश चाळणाऱ्या माणसाकडे पूर्णवेळ अधिकाऱ्याची कार्यक्षमता मागता येणार नाही. उत्तरदायित्वाचा आग्रह धरणाऱ्यांनी वर्षभरासाठी ते काम स्वतः अंगावर घेण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. मुदतीची तरतूद असूनही पुढे यायला कोणी नसेल, तर जुन्याच ॲडमिनकडे अधिकार राहतो आणि नियमावली कागदावर उरते.

शिवाय उत्तरदायित्व ॲडमिनचे ओझे वाढवते, हा समज अर्धाच खरा आहे. नियम लेखी असले की प्रत्येक निर्णय व्यक्तिगत वैर मानला जात नाही. दोघांच्या संमतीने झालेल्या कारवाईचा राग एकट्यावर निघत नाही. दाद मागण्याची सोय असली की मध्यरात्रीचे फोन आणि परस्पर काढलेले नवे ग्रुप कमी होतात. अर्जुनी मोरगावच्या प्रकरणात ॲडमिनने असमर्थता व्यक्त केल्याचा आरोप होता. तक्रार आल्यावर काय करायचे हे आधीच लिहून ठेवलेल्या ग्रुपमध्ये ॲडमिनवर असे हात टेकण्याची वेळ येत नाही, आणि तक्रार करणाऱ्या व्यक्तीला पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी ऐकून घेणारे कोणी भेटते.

अल मजाजच्या रहिवाशांनी एप्रिल २०२४ मध्ये जे अनुभवले ते अन्यत्रही घडू शकते. अशा रात्री दहाव्या मजल्यावरच्या वृद्ध दांपत्याला औषध हवे असल्याचा निरोप येतो, तेव्हा तो पुढे पाठवणाऱ्याला आणि बोट घेऊन निघणाऱ्याला ग्रुपवरील माहिती पडताळलेली आहे, असा भरवसा असावा लागतो. त्यासाठीचे नियम आभाळ निरभ्र असतानाच करून ठेवावे लागतात. वर्गणीच्या पावतीइतकीच ही साधी गोष्ट आहे आणि तिची सुरुवात ग्रुपच्या वर्णनात आठ ओळी लिहिण्यापासून होऊ शकते.